फितीवरची अक्षरं

आमच्याकडे मंडळांचे बिल्ले होतात. रत्नागिरीच्या आसपासच्या बहुतेक गावांचं मुंबईत एक मंडळ असतं. चाकरमानी मे महिन्यात गावी येतात, सभा भरवतात, आणि अध्यक्षाच्या छातीवर सॅटिनच्या फितीचं फूल लागतं. ते फूल आमच्या घरातलं. आजोबा शिंपी होते. फुलं, पट्टे, मंडळांचे झेंडे शिवता शिवता त्यांनी फितीवर नावं छापायला पायाने चालवायचं छपाईयंत्र घेतलं.

आजोबांनंतर छपाई काकांकडे आली, शिवण माझ्या वडिलांकडे. दोघा भावांचं बिनसलं ते दुकानाच्या पाटीवरून. पाटीवर आधी काय लिहायचं, छपाई की शिवण? पाटी लागलीच नाही. मध्ये भिंत तेवढी उभी राहिली आणि दोघं बोलायचे थांबले. पण एका बिल्ल्याला दोघंही लागत. मग गिऱ्हाईकच छापलेली फीत काकांच्या दारातून घेई आणि चार पावलांवरच्या आमच्या दारात आणून देई. वडील ती घेत, शेजारी कोण आहे ते जणू माहीतच नसल्यासारखे.

काकांना मूलबाळ नव्हतं आणि काकी लवकर गेली. भिंतीपलीकडून दिवसभर यंत्राची धडधड येई आणि दुपारी एकट्या ताटाचा आवाज. आई गेल्यावर आमच्याकडेही फारसं बोलणं उरलं नाही. मी लग्न केलं नाही. वडिलांसमोर दुसऱ्या मशीनवर बसून शिवत राहिले.

एका मे महिन्यात गुहागरकडच्या एका मंडळाच्या फिती आल्या. वडिलांनी पहिली फीत उजेडात धरली आणि माझ्याकडे दिली. 'अध्यक्ष'च्या जागी 'अघ्यक्ष' छापलं होतं. उपाध्यक्ष, कार्याध्यक्ष, सगळीकडे तेच.

"जाऊन सांग," वडील म्हणाले.

मी गेले. काकांनी फीत अगदी नाकाशी नेली, मग अक्षरांवरून बोट फिरवलं.

"बाय, ध आणि घ मला आता सारखेच दिसतात," ते म्हणाले. "त्याला सांगू नको."

मी सांगितलं. वडिलांनी हातातली सुई खोचून ठेवली. मग चपला घातल्या आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या दारातून आत गेले. मी उंबऱ्याशी थांबले.

"दादा, वायच सरक."

काका सरकले. वडिलांनी खणातून शिशाच्या अक्षरांचा एकेक खिळा उचलून त्यांच्या तळहातावर ठेवायला सुरुवात केली.

"हा अ."

"हं."

"हा अर्धा ध."

काका बोटांनी चाचपत जुळवत गेले. त्या दुपारी सगळ्या फिती नव्याने छापून झाल्या.

त्यानंतर रोज सकाळी वडील तिकडे जात. पण अक्षरांपलीकडे दोघं काही बोलले नाहीत. जेवलास का, एवढंही नाही. अशी तीन वर्षं गेली आणि भर श्रावणात काका गेले. दिवसकार्य झाल्यावरही वडील त्या खोलीत जाऊन बसत. एकदा मी विचारलं, "काम नाही, तर काय करता तिथे?"

"काही नाही गो," ते म्हणाले. "मला वाटायचं, आज बोलू, उद्या बोलू."

पुढच्या वर्षी तेही गेले.

आता दोन्ही खोल्या माझ्या आहेत. फिती मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतून छापून येतात. मंडळांचे सेक्रेटरी नावांची यादी मोबाईलवर पाठवतात आणि बिल्ले मी एसटीच्या पार्सलने मुंबईला रवाना करते. हल्ली दारात कुणी येत नाही. परवा एका नव्या मंडळाचा फोन आला. पोरगा अदबीने म्हणाला, "काकी, जरा दुकानातल्या कुणाला फोन देता?"

"मीच बोलतेय," मी म्हटलं.

त्याने यादी सांगितली. सांगून झाल्यावर, फोन ठेवायच्या आधी, मी त्याला सगळी नावं पुन्हा एकदा सावकाश वाचायला लावली. लिहून तर सगळी घेतली होती.