तक्रारी शून्य

कोल्हापुरात राजारामपुरीत एका झेरॉक्सच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. आमचं म्हणजे माझं आणि बायकोचं. मी सॉफ्टवेअर लिहायचो, ती बिलं काढायची आणि वसुलीचे फोन करायची. ती कुरुंदवाडकडची, त्यामुळे वसुलीला तिला फोनची गरज होती असंही नाही, आवाज तसाही पोहोचला असता.

आमची गिऱ्हाइकं म्हणजे गावोगावच्या दूध संस्था. बाई किटली घेऊन येते, दुधाचं वजन होतं, थोडं दूध फॅट मशीनला लागतं, स्क्रीनवर आकडा उमटतो आणि पावती निघते. आमचं सॉफ्टवेअर एवढंच करायचं. पण तो आकडा डोळ्यांनी बघितल्याशिवाय आमच्या जिल्ह्यात कुणी दूध ओतत नाही, मग मशीनवर सख्खा भाऊ का बसलेला असेना. त्यामुळे स्क्रीन बंद पडली की रांग थांबते, आणि रांग थांबली की दूध न्यायला आलेला टेम्पो निघून जातो. हे सगळं पहाटे चालतं. म्हणून मला फोन यायचे तेही पहाटेच, आणि मी ते उचलायचो. धंद्याचं एवढंच गुपित होतं, पण त्या वेळी मला वाटायचं की आपलं सॉफ्टवेअर भारी आहे.

बिद्रीच्या बाजूला एका गावात एक सेक्रेटरी होते, माझं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक. पहिल्या वर्षी मी त्यांचा 'पावणं' होतो, मग 'सर' झालो, आणि फॅट मशीन रुसलं की 'दादा' व्हायचो. हाकेवरूनच मला कळायचं की बिघाड किती मोठा आहे. त्यांच्या घरी मी जेवलोय, त्यांच्या पोरीच्या लग्नात वाढपी म्हणून उभा राहिलोय.

मग शहरात सरकारी नवकल्पना केंद्र निघालं. काचेची इमारत, रंगीत खुर्च्या, आणि भिंतीवर बल्बचं चित्र. उद्घाटनाला मला बोलावून शाल, श्रीफळ दिलं, फेटा बांधला, आणि 'जिल्ह्यातील यशस्वी उद्योजक' असं माईकवरून पुकारलं. आमच्याकडच्या माणसाच्या डोक्याला फेटा बसला की त्याचं तोंड सुटतं. तिथले अधिकारी अगदी सज्जन. म्हणाले, "तुमच्यासारख्यांचा अनुभव आम्हाला हवाय सर." त्यांची तीन-चार मुलं वह्या घेऊन आमच्या ऑफिसात आली. मी त्यांना भडंग खाऊ घातलं, चहा पाजला, आणि दूध संस्था कशी चालते, कुठली वायर कुठं जाते, कुठली कंपनी कुठं फसवते, सगळं सांगून टाकलं. बायको आतून खुणा करत होती. मला वाटलं, चहा संपला असेल.

सहा महिन्यांत केंद्राचं अ‍ॅप आलं. दूध संस्थांसाठी, आणि फुकट. दिसायला देखणं होतं, खोटं कशाला बोलू. त्यात हवामान होतं, म्हशीचा फोटो काढला की म्हशीचा आजार सांगायची सोय होती, आणि आमचं सगळं तर होतंच. आमच्या संस्था एकेक करून तिकडं गेल्या. बिद्रीकडच्या सेक्रेटरींनी मात्र रीतसर फोन करून सांगितलं, "सर, राग मानू नका. सरकारचं फुकट हाय. न्हाय घेतलं तर चेअरमन म्हणतोय, वरचे सायेब नाराज व्हतील."

मी म्हणालो, "घ्या की, फुकटचं कोण सोडतंय?" आणि फोन ठेवून गिऱ्हाइकांच्या यादीतून त्यांचं नाव खोडलं.

पुढच्याच आठवड्यात पहाटे फोन वाजला. "दादा, तुमचं न्हाय हे म्हाईत हाय, पर जरा बघा की."

सरकारी हेल्पलाइन होती. साडेदहाला उघडायची, साडेपाचला बंद व्हायची आणि मधे जेवायची. तोवर सकाळचं दूध शहरात पोहोचून त्याचा चहासुद्धा झालेला असायचा. मी वायर कुठली काढायची ते सांगितलं. मशीन चालू झालं. मग ही बातमी सगळीकडं पसरली, आणि ज्या संस्था मला सोडून गेल्या होत्या त्या सगळ्या पहाटे परत आल्या. अ‍ॅप सरकारचं आणि दुरुस्ती माझी. पैसे मागायचे तर कशाचे? बायकोनं एकाला विचारलं, तर तो म्हणाला, "वैनी, माणसानं माणसाचा फोन उचलायचा, त्याचं बी पैसं?"

बायको मला म्हणाली, "सरकारी जावई ऐकला होता. सरकारी घरगडी आत्ता बघितला."

वर्षभरानं केंद्राचा समारंभ झाला. आम्हाला निमंत्रण होतं, तिसऱ्या रांगेत. पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं, 'नोंदवलेल्या तक्रारी : शून्य'. अ‍ॅपला बक्षीस मिळालं. बिद्रीकडच्या त्या संस्थेला 'आदर्श डिजिटल संस्था' म्हणून ट्रॉफी मिळाली, चेअरमननी ती दोन्ही हातांनी उंच धरली. सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. मीही वाजवल्या, कारण शेजारचे वाजवत होते. बायकोनं पर्स घट्ट धरून ठेवली होती.

त्या वेळेपर्यंत ऑफिसचं भाडं तिच्या बांगड्यांवर चाललं होतं. ती म्हणाली, दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर पाटी उतरवू. आणि नेमकी त्याच सुमारास केंद्रानं जाहिरात काढली की अ‍ॅपच्या देखभालीसाठी एजन्सी नेमायची आहे. मला वाटलं, देव आहे. मी त्या सज्जन अधिकाऱ्यांकडं गेलो.

"अनुभव काय दाखवणार सर?" त्यांनी विचारलं.

"वर्षभर तुमचंच अ‍ॅप दुरुस्त करतोय."

त्यांनी कॉम्प्युटरमध्ये बघितलं. "पण आमच्याकडं एकही तक्रार नाही."

"कारण त्या माझ्याकडं येतात."

त्यांना ते पटलं, हे मी त्यांच्या तोंडावर बघितलं. "मग एखाद्या संस्थेचं तसं पत्र आणा," ते म्हणाले. "एक असलं तरी माझं काम होईल."

एकच पत्र! मी एस.टी. पकडून थेट बिद्रीच्या बाजूला गेलो. सेक्रेटरींनी सायीचा चहा केला. कपाटावर ट्रॉफी होती, मागं चेअरमनचा हार घातलेला फोटो. हयात माणसाच्या फोटोला हार घालायची पद्धत नाही, पण ट्रॉफीचा उरला म्हणून घातला होता. मी काय हवंय ते सांगितलं. त्यांनी बशीत ओतलेला चहा परत कपात ओतला.

"सर, तुमच्यासाठी जीव मागा, देतो," ते म्हणाले. "पत्र तेवढं न्हाय देता यायचं. अ‍ॅप बंद पडतंय असं मी लिहून दिलं तर ही ट्रॉफी कशाची? चेअरमन मला उभा जाळंल."

"मग मी वर्षभर कुणाचे फोन उचलले?"

"ते मला म्हाईत हाय की. गावाला म्हाईत हाय. पर कागदावर कसं आणायचं?"

परत येताना मला इतका राग आला होता की कंडक्टरनं सुट्टे मागितले तर मी त्याच्यावर खेकसलो. आणि रागाखाली वाईटच वाटत होतं. लग्नात मी ज्या माणसाच्या पंगतीला बुंदी वाढली, त्याला चार ओळी जड झाल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांचाच फोन. "दादा, स्क्रीन काळी झालीया. रांग पार देवळापतूर गेलीया."

"हेल्पलाइनला करा."

"ती साडेधाला उघडती. तवर दूध नासंल."

"नासू दे," मी म्हणालो.

पलीकडून किटल्या आपटल्याचा आवाज येत होता, कुणी बाई विचारत होती, काय झालंय, काय झालंय. बायकोनं माझ्या हातातून फोन काढून घेतला. मला वाटलं, आता वर्षभराचं सगळं काढणार. ती म्हणाली, "मागची काळी वायर काढा. पुसा. परत लावा. आता मशीन बंद करून चालू करा. आला का आकडा?" आकडा आला. मग तिनं सेक्रेटरींना सुनावलं, "हे तुमच्यासाठी न्हाय केलं. दूध ना सरकारचं हाय, ना तुमच्या चेअरमनचं." फोन ठेवून ती चूल पेटवावी तसा गॅस पेटवायला गेली.

दिवाळीआधीच आम्ही पाटी उतरवली. बायको हुपरीच्या एका चांदीवाल्याकडं हिशेबाला लागली, रोज एस.टी.नं जाते. देखभालीचं काम पुण्याच्या एका कंपनीला मिळालं, त्यांच्याकडं अनुभवाची पत्रं होती, परराज्यातली. त्यांना कोल्हापुरात पहाटे फोन उचलणारा माणूस हवा होता. गावोगाव चौकशी केली तर सगळ्यांनी एकच नाव सांगितलं म्हणे. तोंडी सांगायला कुणाची हरकत नव्हती. अशा रीतीनं मी त्याच अ‍ॅपसाठी तेच फोन पगारावर उचलायला लागलो. फरक एवढाच की फोन आला की आधी तक्रार नोंदवायची, नंबर द्यायचा, मग दुरुस्त करायचं.

पण नोंदवणार कशी? जो तो म्हणायचा, "लिहू नका सर, नुसतं बघा की." ट्रॉफीची चटक सगळ्यांनाच लागली होती, यंदा आणखी दहा संस्थांना मिळणार होत्या. मी जुन्या सवयीनं नुसतं बघायचो.

महिन्याच्या शेवटी पुण्याहून मॅनेजरचा फोन आला. पोरगा नम्र होता. "सर, तुमच्या भागातून एकही तक्रार नाही. खूप छान. पण मग तिथं माणूस कशाला, असं वरचे विचारतायत. पुढच्या महिन्यात बघू या."

मी हे बायकोला सांगितलं नाही. तिची एस.टी. लवकरची असते.

पहाटे फोन वाजला. "दादा, आकडा येईना झालाय," बिद्रीकडचा तोच आवाज म्हणाला. "लिहू नका काय. नुसतं बघा."

मी कॉम्प्युटर चालू केला, तक्रारीचा रकाना उघडला आणि म्हणालो, "आपलं नाव सांगा."

पलीकडं किटल्या आपटत होत्या.

"दादा, मला वळखलं न्हाईसा?"

"ओळखलं," मी म्हणालो. "नाव सांगा."

मग त्यांनी नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, पोलीस ठाण्यात सांगतात तसं सावकाश. मी ते लिहून घेतलं.