वीज परत आल्यावर

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मी तळवड्याच्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत इंटर्नशिप करत होते. एका कारखान्याचा पॅकिंगचा बेल्ट चालवणारं सॉफ्टवेअर लिहायचं होतं. त्याआधी ग्राहकाने लिहून दिलेल्या अपेक्षा, ज्यांना ऑफिसात रिक्वायरमेंट म्हणतात, त्या वाचून बेल्ट कधी चालेल, कधी थांबेल याचं मॉडेल, म्हणजे गोल आणि बाणांची आकृती, काढायचं काम माझ्याकडे होतं. चुका इथेच सापडल्या पाहिजेत, असं तिथल्या सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. त्यात तीन आठवडे गेले. दुसऱ्या दिवशी ग्राहक बघायला येणार होता, आणि मॉडेल मंजूर झालं की मला नोकरीचं पत्र मिळणार होतं.

त्या संध्याकाळी कुरुळीच्या आमच्या खोलीत मी मॉडेल पुन्हा तपासत बसले होते. आई पहिली शिफ्ट करून आलेली. तीही चाकणला एका कारखान्यात पॅकिंगलाच आहे. मी नेमकं काय करते हे मला घरी कधी नीट सांगता आलं नव्हतं, म्हणून तिला दाखवलं. हा गोल म्हणजे बेल्ट चालू, हा बंद, बाण म्हणजे बटणं.

पाय चोळत तिने बराच वेळ पाहिलं. "आन् लाईट गेली तर?"

थांबेल, मी म्हणाले.

"आल्यावर?"

मी बाण शोधला. नव्हता. बटण कुणी बंद केलेलं नसणार, म्हणजे बेल्ट आपोआप चालू होणार, कुणाचा हात त्यात असला तरी.

आई म्हणाली, त्यांच्याकडंही तसंच होतं. "लाईट गेली की आमी समद्या हात वर करून उभ्या राहतो, येईस्तोवर. नव्या बाईला पयलं तेच शिकवतो. सुपरवायझर म्हणतो, काय पोलीस आले का."

बायका हात वर करत होत्या, म्हणून वीज परत आल्यावर काय व्हावं हे लिहून ठेवायची गरज कुणाला वाटली नसावी.

सकाळी मी सरांना ते सांगितलं. ते म्हणाले, ग्राहकाने हे मागितलेलं नाही. मग लाईट गेल्यावर बायका हात वर करून उभ्या राहतात ते मी सांगितलं; हे मला आईकडून कळलं, तेवढं मात्र बोलले नाही. सरांनी ग्राहकाला फोन करून भेट पुढे ढकलली. वीज आल्यावर बटण दाबल्याशिवाय बेल्ट हलणार नाही, अशी एकच ओळ रिक्वायरमेंटमध्ये वाढली. त्या ओळीमुळे माझे जवळजवळ सगळे बाण बदलले. पत्रही लांबलं.

घरी आईने विचारलं, झालं का.

"नाही. पहिल्यापासून काढायचंय."

"काढ मग," ती म्हणाली. थोड्या वेळाने तिने विचारलं, त्या बेल्टवर बाया किती असतील. मला माहीत नव्हतं. रिक्वायरमेंटमध्ये तेही नव्हतं.