लाइनीवरच्या ताई

आमच्या नगरपालिकेची वेबसाइट मी बनवली. हे मी बारा वर्षं येईल त्याला ऐकवत आलो, ऐकणारा पळून जाईपर्यंत. माझा स्वभावच तसा. नाकावर माशी बसू देत नाही आणि स्वतःच्या कामाचं कौतुक दुसऱ्यावर सोपवत नाही. टेलिफोन ऑपरेटर ताई महिनाअखेर निवृत्त होणार होत्या, तेव्हा साहेबांनी विचारलं, "त्यांच्या जागी माणूस लागेल का?" मी छाती फुगवून लेखी दिलं, "सर्व माहिती साइटवर उपलब्ध आहे. गरज नाही." झालं, टेलिफोनची खोली ताईंबरोबरच बंद करायचं ठरलं.

ताईंना जन्मापासून दिसत नाही. जिन्याखालची खोली, एक टेबल, एक पंखा आणि चाळीस लाइनींचं यंत्र, एवढ्या संसारात त्यांनी एकतीस वर्षं काढली. पावलांवरून माणूस ओळखायच्या. "या संगणकराव, आज उजवी चप्पल तुटलीय वाटतं." रोज सकाळी टपालाचा कारकून नव्या नोटिसा त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचा. एकदाच. पुन्हा वाचायला लागला की म्हणायच्या, "अहो, बहिरी नाहीये मी."

माझी नोटही त्यानंच वाचून दाखवली असणार, कारण दुसऱ्याच दिवशी मला बोलावणं आलं.

"संगणकराव, माझे तेवीस जण आहेत. रोजचे. कुणाला दिसत नाही, कुणाचे हात थरथरतात. पाणी कधी जाणार, दाखल्याला कोणते कागद लागतात, सगळं मला विचारतात. आमचे मास्तर तर एकटेच राहतात, म्हातारपणी डोळे गेलेत. एकदा पाण्याची नोटीस त्यांना कळली नाही, दोन दिवस घरात थेंब नव्हता. मी गेल्यावर यांनी तुमच्या साइटला विचारायचं ना? मग आधी मी विचारून बघते."

"बघा की!" मी म्हणालो. आपला तो बाब्याच असतो.

त्यांनी आपला मोबाइल टेबलावर ठेवला. स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा आवाज सुरू झाला आणि मी दचकलोच. इतका भरभर, की मला एक अक्षर कळेना.

"ही मराठी आहे?"

"तुमचीच साइट आहे. हळू केलं की मला झोप येते."

त्या वेगातून ही बाई शब्द न् शब्द वेचत होती. मग माझ्यासाठी त्यांनी वेग कमी केला, आणि तो केला नसता तर बरं झालं असतं. "बटण. बटण. बटण. चित्र. स्कॅन शून्य शून्य तीन आठ. चित्र."

"उद्याच्या पाण्याची नोटीस कुठंय?"

"ही काय, तिसरी!"

"हा तर नुसतं चित्र म्हणतोय."

तक्रारीच्या अर्जावर गेलो. दोन मिनिटांत अर्ज आपोआप बंद. पुन्हा उघडला, तर आवाज म्हणाला, "चित्रातली अक्षरं लिहून आपण माणूस असल्याची खात्री पटवा."

ताई खळखळून हसल्या. "एकतीस वर्षं तेच तर पटवतेय हो."

मला मात्र हसू आलं नाही. लाज वाटली, सरळ सांगतो.

घोडं कुठं अडलं होतं ते सांगतो. आमच्याकडे नोटीस आधी कॉम्प्युटरवर टाइप व्हायची, मग तिची छापील प्रत निघायची, त्यावर सही, सहीवर शिक्का, आणि मग तो कागद वाकडातिकडा स्कॅन करून साइटवर चढायचा. म्हणजे आधी अक्षरं होती, आम्हीच मेहनतीनं त्यांचा फोटो करत होतो. आवाज फोटो वाचणार कसा? साहेबांना म्हटलं, नुसता मजकूर टाकू या. साहेब उखडले. "बिनशिक्क्याची नोटीस? उद्या कुणीही काहीही लिहील!" साहेबांपुढे मी हात टेकले.

त्या आठवड्यात ताईंच्या निरोप समारंभाची नोटीस निघाली. साहेबांनी ती कौतुकानं पहिल्या पानावर लावायला लावली आणि ताईंना केबिनमध्ये बोलावलं. "ऐका तरी, तुमच्याबद्दल काय लिहिलंय."

ताईंनी मोबाइल काढून साइट उघडली. "चित्र. स्कॅन शून्य शून्य चार सात."

ताईच म्हणाल्या, अगदी मनापासून, "छान आहे हो साहेब. सही-शिक्का झालाय ना?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. शहाण्याला शब्दाचा मार. "मजकूर वर टाका," ते मला म्हणाले. "शिक्का खाली राहू दे."

हातात पंधरा दिवस होते. म्हटलं, टाइप केलेल्या मूळ फाइली मागवू, काम सोपं. कसलं काय! टायपिस्टबाई वर्षानुवर्षं एकाच फाइलवर काम करत होत्या. कालची नोटीस पुसायची, त्यावरच आजची टाइप करायची. "स्वच्छ राहतं कॉम्प्युटर," त्या म्हणाल्या. अजून लागू असलेल्या एकशे चाळीस नोटिसा आणि नियम, आणि हाताशी फक्त ते पुसट स्कॅन. अपंगत्वाच्या दाखल्याच्या नियमांवर तर शिक्का असा नेमका बसला होता, की कागदपत्रांची अख्खी यादी जांभळी.

मी जिन्याखाली जाऊन ताईंपुढे सगळं रडगाणं गायलो.

"लिहा," ताई म्हणाल्या. आणि सांगायला लागल्या. क्रमांक, तारीख, कलम एक, कलम दोन, कोणत्या खिडकीवर कोणता कागद, सुटीचा दिवस आल्यास काय. मधेच फोन वाजला की "एक मिनिट हं" म्हणून लाइन जोडायच्या आणि अर्धवट राहिलेल्या शब्दापासून पुढे सुरू. सहा वर्षांपूर्वी एकदाच ऐकलेला कागद! मला खरं वाटेना. रेकॉर्ड रूममध्ये दोन दिवस धूळ उपसून त्या एका कागदाची बिनशिक्क्याची मूळ प्रत शोधून आणली आणि ओळीवर बोट ठेवून ताडून पाहिली. एक चूक सापडली. ती मूळ कागदात होती, आणि ताईंनी तीसुद्धा तशीच सांगितली होती. मी बारा वर्षं ज्या साइटचा तोरा मिरवला, ती खरी या बाईच्या डोक्यात होती आणि लोक तिलाच फोन करून वाचत होते. मी नुसते कागदांचे फोटो टांगत होतो.

पंधरा दिवस मी माउस काढून कपाटात ठेवला. जे नुसत्या कीबोर्डनं आणि कानानं होणार नाही, ते साइटवर राहणार नाही असं ठरवलं. बटणांना नावं आली, अर्जाची घाई गेली, माणूस असल्याचा पुरावा मागणं बंद झालं. ताई दुपारी मास्तरांना फोनवर शिकवायच्या. "नाही हो मास्तर, डावीकडून उजवीकडे बोट फिरवा. फळा पुसल्यासारखं." पलीकडून मास्तर वैतागायचे, "ताई, तुम्हीच सांगत जा. ते यंत्र नको." शेवटच्या दिवशी ताईंनी तेवीसही जणांना घरचा नंबर दिला, हेडफोन गुंडाळून टेबलावर ठेवला आणि मला म्हणाल्या, "माझी माणसं तुमच्या जिवावर सोडून चाललेय. ध्यानात ठेवा."

त्या निवृत्त झाल्यावर आठव्या दिवशी मोठी पाइपलाइन तडकली. दुरुस्तीसाठी दुसऱ्या दिवशी सकाळी दहापासून दोन दिवस गावभर पाणी बंद ठेवायचं ठरलं. मजकूर त्याच दुपारी साइटवर टाकला, दहा वेळा ऐकला, तरी जिवाला स्वस्थता नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ताईंच्या घरी पोचलो. त्या फोनजवळ खुर्ची ओढून बसल्या होत्या, सहापासून.

"आला का कुणाचा फोन?"

"एकाचाही नाही. कळलं म्हणून आला नाही, की कळलंच नाही म्हणून?" त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच कापरा ऐकला. मला काय ठाऊक! दोघंही त्या फोनकडे कान लावून बसलो. साडेनऊ झाले. पावणेदहाला तो वाजला आणि मी उडालोच.

मास्तर होते. इतक्या मोठ्यानं बोलत होते की मलाही ऐकू आलं. "ताई, दहाला पाणी जातंय! दोन दिवस नाही! मी स्वतः वाचलं, काल संध्याकाळीच. माझी भांडी भरून झाली. तुम्ही भरलंत की नाही?"

ताईंनी तोंडावर हात ठेवला. "अगं बाई!"

घरातली एकूण एक बादली कोरडी होती. एकतीस वर्षं गावाला पाणी भरायला सांगणारी बाई स्वतः भरायची विसरली होती. आम्ही धावलो. मी पातेली पुढे सरकवतोय, ताई नुसत्या आवाजावरून सांगताहेत, "भरलं, काढा. दुसरं लावा." एकीकडे हसत होत्या, एकीकडे डोळे पुसत होत्या, आणि फोन चालूच राहिला होता. त्यातून मास्तर ओरडत होते, "ताई, पिण्याचं आधी भरा!"

"हो मास्तर," ताई म्हणाल्या, "तुम्ही सांगाल तसं."