अग्नीच्या धंद्यातले भाऊजी

मी होमाचं तांब्याचं कुंड राखेनं घासत होते. दोन बाजू लखलखल्या, दोन काळ्याच होत्या, तेवढ्यात धाकटे भाऊजी आले आणि समोर फतकल मारून बसले. उद्या त्यांच्याच नव्या घरात होम आहे.

एकोणीस वर्षं घरोघर पार्सलं पोचवतात ते. खांद्याला पट्ट्याचा घट्टा, गुडघे कुरकुरतात. कुठली बेल बिघडलीय, कुठला कुत्रा नुसताच भुंकतो, सगळं पाठ. देवांत मानतात फक्त अग्नीला. "आपल्याच धंद्यातला," म्हणतात. "तूप द्या, समिधा द्या, ज्या देवाचं त्याला नेऊन देतो. पत्ता चुकत नाही, सही मागत नाही." मी कान पकडते, पण हसू येतंच.

आज तोंड उतरलेलं होतं. "वहिनी, गुरुजी म्हणतात जोडीनंच बसायला हवं."

जोडी आणणार कुठून? जाऊबाई चार दिवस माहेरी आहे. शिवणकाम करते ती. मशीनची मोटर जळली म्हणून नवी मागवली, ती नेमकी भाऊजींच्याच पिशवीत आली. आपलंच तर घर, उद्या नेऊ म्हणून जिने चढायचे टाळले आणि संध्याकाळी माल गोदामात जमा करताना कागदावर शेरा मारला, 'घर बंद, कोणी नाही'. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्याही दिवशी. तीन शेरे झाले की माल परतीच्या ढिगात जातो, तसा गेला. ती तीन दिवस दाराकडे कान लावून बसलेली. शेवटी तिनं भाऊजींच्या ऑफिसात फोन केला, त्यांनी शेरा नावासकट वाचून दाखवला. "नऊ वर्षं या घरची सून आहे आणि मी कोणी नाही," एवढंच म्हणाली आणि बॅग भरली.

"अग्नीला काय फरक पडतो हो, कोण बसलंय त्याचा?" भाऊजींनी विचारलं.

"तुमच्या लग्नात साक्षीला तोच होता. त्याला नाही तर कुणाला पडणार? आणि त्याची बायको स्वाहा. प्रत्येक आहुतीला तिचं नाव घेतलं तरच तो माल उचलतो. नाहीतर तूप फुकट जळतं."

"एवढा मोठा देव, आणि बायकोशिवाय हलत नाही?"

"म्हणून तर त्याचा एकही माल परत येत नाही."

भाऊजींनी कुंडातली राख बोटानं चाचपली. मग म्हणाले, "जाऊन माफी मागतो."

"रिकाम्या हातानं? पार्सलवाले ना तुम्ही?"

ते उठले, चपला शोधू लागले. "परतीच्या मालाची गाडी आठवड्यातून एकदाच असते. आज पाचला सुटेल."

"तिचं माहेर चौथ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही," मी आठवण करून दिली.

"माहीत आहे, वहिनी. तुम्ही कुंड घासा."

मी तिसरी बाजू घ्यायला लागले. भाऊजी गोदामात गेले, ढिगातून मोटर काढून आणायला.