मावशींची नऊ वाक्यं

हाडांच्या दवाखान्यात प्लास्टर काढायचं काम अठरा वर्षं मावशींकडे होतं. त्या कोणाच्याच सख्ख्या मावशी नव्हत्या, पण डॉक्टरांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना मावशीच म्हणत. प्लास्टर कापायची करवत सुरू झाली की अशी घरघरते, की धट्टाकट्टा माणूसही पाय आखडून घेतो. तिचं पातं गोल फिरत नाही, नुसतं थरथरतं. कडक प्लास्टर कापतं, मऊ कातडीला काही करत नाही. पण घाबरलेल्याला हे सांगून पटत नाही. म्हणून मावशी चालू करवत आधी स्वतःच्या तळहाताला लावून दाखवत आणि मगच पेशंटला हात लावत.

दवाखान्याची नवी इमारत उभी राहिली, तशी मुख्य सिस्टरांनी बातमी दिली. "तिकडे परदेशी पेशंट येणार, मावशी. प्लास्टरची खोलीही तिकडेच जाणार. इंग्रजी बोलता आलं तर तुम्ही, नाहीतर तुम्हाला चादरींच्या कोठारात टाकतील. पंधरा दिवसांनी मोठे डॉक्टर स्वतः बघणार आहेत."

मावशी मनाशी म्हणाल्या, चादरींच्या घड्या काय, कोणीही घालेल.

घरी सूनबाई शिकवायला बसली. पोरगी मनाने चांगली, पण पद्धत मास्तरणीची. चूक झाली की वहीत लाल फुली. आठवड्याभरात वहीला गोवर उठल्यासारखं झालं आणि मावशींची बोबडी आणखीच वळायला लागली. शेवटी त्यांनीच मार्ग काढला. 'गुड मॉर्निंग'पासून 'थँक यू'पर्यंत नऊ वाक्यं लिहून घेतली आणि भांडी घासताना, कपडे वाळत घालताना घडाघडा पाठ केली. गोम एकच होती. मध्ये कोणी तोंड घातलं की गाडी अडायची, आणि पुन्हा 'गुड मॉर्निंग'पासून सुरुवात.

"आई, लोक मध्ये बोलणारच," सूनबाई म्हणाली.

"मग त्यांना म्हणावं, जरा दम धरा."

हसायचं काम नाही. पन्नाशी उलटल्यावर ज्याला परक्या भाषेत तोंड उघडावं लागलंय, त्यालाच त्या नऊ वाक्यांचा आधार कळेल.

परीक्षेच्या दिवशी सात-आठ वर्षांची एक मुलगी आली, हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. सोबत तिची आई. दोघींना इंग्रजीशिवाय काही कळत नव्हतं. मोठे डॉक्टर दाराशी हाताची घडी घालून उभे राहिले.

"गुड मॉर्निंग. माय नेम..." मावशींनी सुरू केलं. तेवढ्यात मुलीला करवत दिसली आणि तिने भोकाड पसरलं. मावशी थांबल्या. "गुड मॉर्निंग." मुलीच्या आईने काहीतरी विचारलं. "गुड मॉर्निंग," मावशी तिसऱ्यांदा म्हणाल्या. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं.

मावशींची नजर खाली गेली. प्लास्टरमधून बाहेर आलेली मुलीची बोटं घट्ट मुडपलेली होती. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की आपण आज तळहात दाखवलाच नाही. अठरा वर्षांत पहिल्यांदा. नऊ वाक्यांत तो नव्हताच ना. त्यांना लाज वाटली, आणि ती इंग्रजीची नव्हती.

त्यांनी करवत सुरू केली आणि स्वतःच्या तळहाताला टेकवली.

"सी. माय हँड. नो कट. नो ब्लड. ओन्ली नॉइज. बिग नॉइज. लाइक माय हजबंड स्लीपिंग."

मुलीची आई खुदकन हसली. मुलीचं रडणं हुंदक्यांवर आलं. "अगेन," ती म्हणाली. मावशींनी पुन्हा लावून दाखवली. मग मुलीने चांगल्या हाताचा तळवा पुढे केला, तिथेही गुदगुल्या झाल्या, आणि प्लास्टरचा हात तिने आपणहून मावशींच्या मांडीवर ठेवला.

त्या मायलेकी गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "चुका बऱ्याच झाल्या, मावशी."

"हो साहेब."

"सोमवारी आठ वाजता नव्या इमारतीत या. ती पाठ केलेली वाक्यं मात्र घरी ठेवा."

मावशींचा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी सूनबाई वही उघडून बसली. मावशींनी सगळं जसंच्या तसं सांगितलं, सासऱ्यांच्या घोरण्यासकट. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"भीती नाही वाटली, आई?"

"वाटली की. पण त्या पोरीला माझ्यापेक्षा जास्त वाटत होती."

सूनबाईने लाल पेनाला टोपण लावलं.