शाळेच्या अहवालाचा तास

सिंदी मेघेतल्या आमच्या शाळेत एक सर तासिका तत्त्वावर मराठी शिकवतात. कविता-कथा कायम नोकरीतल्या शिक्षकांकडे. यांच्या वाट्याला बातम्या, जाहिराती, सूचनापत्रं. बियाण्याच्या पिशवीवरचा मजकूरसुद्धा ते चष्मा कपाळावर ढकलून सावकाश वाचतात आणि विचारतात, "लिहिलं थे समजलं. लिहाचं काय राह्यलं?" एखादीचं उत्तर चुकलं तरी म्हणतात, "चालते. विचार करून राह्यली ना."

परवा पर्यवेक्षक म्हणून त्यांच्या तासाचं निरीक्षण माझ्याकडे होतं. माझ्या शेऱ्यावर त्यांची पुढच्या वर्षीची नेमणूक ठरते. शेजारी मुख्याध्यापक बसले होते. आणि सरांनी नेमका शाळेचाच वार्षिक अहवाल वाटला. त्यात संस्थेचे अध्यक्ष पानोपानी होते, एका पानावर तर रोपट्याला पाणी घालताना.

शेवटच्या बाकावरची मुलगी उभी राहिली. "सर, पोरींच्या संडासात पाणी नाई. थे काऊन नाई लिहिलं यात?"

मुख्याध्यापक खाकरले. "नाव काय गं तुझं? उद्या वडिलांना घेऊन ये."

सर फळ्याकडे वळले. खडू दोनदा मोडला. तरी तिचं वाक्य त्यांनी जसंच्या तसं लिहिलं आणि खाली स्वतःची सही केली.

"तिच्या बापाले कायले बोलावता सर," ते म्हणाले. "हे माह्यं वाक्य आहे."

मुख्याध्यापक माझ्या वहीत डोकावू लागले. मी शेरा लिहिला : 'फळ्यावरील अक्षर सुवाच्य.'