आत्याने थांबवलेली गाडी
रेल्वेच्या संग्रहालयात नातीला फेरी मारायला नेलं, तिथल्या छोट्या इंजिनाच्या तापल्या तेलाचा वास आला आणि मला आत्या आठवली. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. माझी मॅट्रिकची परीक्षा गोंदियाला होती आणि आमच्या गावच्या थांब्यावरून छोटी गाडी दोन दिवस न थांबताच निघून जात होती. परीक्षेच्या सकाळी आत्या मला घेऊन निघाली. झाडांखाली मोहफुलं पडली होती. शिट्टी ऐकू येताच ती पदर खोचून सरळ रुळांच्या मधोमध उभी राहिली. इंजिन करकरत तिच्यापासून चार हातांवर थांबलं. वाफेत ती मला दिसेनाशी झाली. “मरना है क्या, बाई? हटो!” ड्रायव्हर ओरडला. “काऊन हटू? पोरगी परीक्षेले जाऊन राहिली. पहिले तिले चढव!” गार्ड धावत आला आणि तिला म्हणाला, “चल, गोंदियाला साहेबापुढेच उभी करतो.” “कर ना,” म्हणत आत्या माझ्याआधी डब्यात चढली. मी पेपर लिहीत होते, तेव्हा स्टेशनात साहेबांनी तिच्यापुढे माफीनामा ठेवला होता. “चूक केली नाही, तं अंगठा कायले लावू?” एवढंच ती म्हणत राहिली. शेवटी कंटाळून त्यांनीच तिला सोडलं. मी पास झाले, पुढे शिक्षिका झाले. गाडी अडवणं गुन्हा होता, असं आजही कोणी मला समजावतं. मी त्यांना विचारते, मग पोरीला थांब्यावर सोडून जाणं काय होतं?